गावठी गुलाबाचा वास

परवा मार्केट यार्डात फुलवाल्याकडे गावठी गुलाबाचा वास आला आणि मला धायरीच्या आमच्या घराची गच्ची आठवली.

एप्रिलमधली दुपार होती. आई सकाळीच वारली होती आणि खाली माणसं जमली होती. बाबा कुठे दिसेनात, म्हणून मी त्यांना शोधत वर गेले. ते तापलेल्या गच्चीवर अनवाणी उभे होते आणि गुलाबाच्या कुंड्यांवर बांधलेल्या गोणपाटावर पाणी मारत होते. आईला वासाचे गुलाब आवडायचे, म्हणून ती झाडं त्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे जगवली होती.

“बाबा, लोक थांबलेत,” मी म्हणाले.

“हो, येतो. ऊन चढलंय. गोणपाट ओलं केलं नाही तर कळ्या करपतील.”

मला त्यांचा राग आला. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि आवाज रोजच्यासारखाच होता. मग त्यांनी एक उमललेलं फूल तोडून माझ्यापुढे धरलं.

“मला सकाळपासून वासच येत नाहीये. तुला येतोय का गं?”

सगळी गच्ची त्या वासानं भरली होती. मी “नाही” म्हणाले आणि खाली निघून आले.

त्यांना काहीच वाटत नाही, अशी तेव्हा माझी खात्री झाली होती. आता माझ्या यजमानांना जाऊन दोन महिने झालेत. जेवताना मला कशाचीच चव लागत नाही. हे मी अजून कुणालाही सांगू शकलेले नाही. बाबांनी निदान मला विचारलं होतं.