संक्रांतीपर्यंतची खोकी

घोटावड्याला वडिलांच्या जमिनीच्या तुकड्यावर मी दोन खोल्या बांधल्या आणि दिवाळी आटोपल्यावर पुण्यातलं बिऱ्हाड तिकडं हलवलं. पेठेत जन्मलेल्या आणि पेठेतच वाढलेल्या माझ्या पत्नीनं याला एका अटीवर होकार दिला होता. सामान चहाच्या रिकाम्या लाकडी खोक्यांतून आलं होतं. ती खोकी मोडायची नाहीत, मागच्या पडवीत रचून ठेवायची. "संक्रांतीपर्यंत राहून बघू," ती म्हणाली. "थंडी सोसली तर ठीक. नाहीतर खोकी भरायची आणि परत."

मला परत जायचं नव्हतं. पण बायकोला भावनेनं पटवण्याची कला मला कधीच साधली नाही, म्हणून मी आकड्यांचा आधार घेतला. पुण्याहून एक फॅरनहाइटचा थर्मामीटर आणला आणि पुढच्या दाराशेजारच्या भिंतीवर टांगला. रोज सकाळी उठलो की आधी पारा पाहायचा, मग चहा.

"साठ अंश," मी घरात येऊन सांगे. "पुण्यापेक्षा फार तर एखादा अंश कमी."

"हो का?" ती म्हणे आणि शाल आणखी घट्ट लपेटून घेई.

कॉलेजात मी इंग्रजी शिकवत असे. पिरंगुटपर्यंत सायकल आणि पुढं एस.टी. हँडलवर बोटं अशी आखडत की पहिल्या तासाला खडू धरवत नसे. त्या दिवसांत वर्गात माझं एक आवडतं विवेचन चाले. इंग्रज माणूस स्वागत करतो ते उबदार आणि वागला तुटक की तो थंड. आपलं बरोबर उलट. लेकरू घरी आलं की आपले डोळे निवतात, जीव थंड होतो आणि माथी भडकतात ती रागानं. ज्याला जे दुर्मीळ, त्याला तो सद्गुण मानतो. अनेक वर्षं हे मी मोठ्या ऐटीत सांगत आलो होतो. त्या डिसेंबरात मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला. "सर, मग मायेची ऊब कुठून आली?"

"पुढच्या तासाला सांगतो," मी म्हणालो. पुढच्या तासाला तो गैरहजर होता. देव पावला.

आमच्या समोर भात आणि वाल पिकवणारं एक जुनं शेतकरी कुटुंब राहत असे. त्या घरची काकू पहाटे अंगणात शेकोटी पेटवी आणि आळीतली माणसं तिच्याभोवती जमत. मी तिथं जात नसे, कारण ती माझी पारा पाहण्याची आणि दाढीची वेळ. पत्नी मात्र जाऊ लागली. आधी थोडा वेळ, मग बराच वेळ. दाढी करता करता मला ती खिडकीतून दिसे. जितका वेळ जास्त शेकते तितकी थंडी तिला जास्त वाजते, असा मी सरळ हिशेब मांडला आणि धास्तावलो. मागच्या पडवीत जाणं तर मी बंदच केलं. त्या खोक्यांकडे पाहवत नसे.

एकदा काकू वालाच्या शेंगा घेऊन आली. मी भिंतीपुढं डोळे बारीक करून उभा होतो.

"काय मास्तर, थंडी हाय का न्हाई ते त्या कांडीला इचारताय व्हय?"

"तापमान पाहतोय. साठ अंश आहे."

तिनं भिंतीला हात लावला आणि ती हसतच सुटली. "अवो, ह्या भितीच्या पल्याड वैनीची चूल हाय. तुमची कांडी हितं शेकत बसलीया!"

मी थर्मामीटर काढून कुंपणाजवळच्या आंब्याला टांगला. दुसऱ्या सकाळी पारा पन्नासाच्याही खाली होता. प्रामाणिकपणा म्हणून तो आकडा मी घरात येऊन सांगितला.

"मला ठाऊक होतं," पत्नी भाकरी उलटत म्हणाली. "पण तुम्ही रोज इतक्या आनंदानं साठ सांगत होता, तुमचं मन मोडवेना."

झालं. माझी बाजू पडली. संक्रांतीला तिळगूळ खाल्ला आणि ती विषय काढण्याआधी आपणच मोठेपणा घ्यावा म्हणून मी मागच्या पडवीत गेलो. तिथं पत्र्याच्या पट्ट्यांचं एक वेटोळं होतं, डबाभर वाकडे खिळे होते आणि एका खोक्याचं झाकण. बाकी काही नाही.

"अहो, खोकी चोरीला गेली!" मी ओरडलो.

पत्नी दारात येऊन उभी राहिली. "चोरीला कशाला जातील? शेकोटीला रिकाम्या हातानं जायचं नसतं इथं. प्रत्येकानं काहीतरी जळण न्यायचं. पहिल्या दिवशी मी तशीच गेले, तर काकू म्हणाल्या, 'वैनी, ऊब काय फुकाट हाय व्हय?' आपल्याकडं ना गोवऱ्या, ना काटक्या. मग रोज एकेक फळी नेली."

"अगं, पण मग परत जायचं कशातून?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "आता कशातून जाणार?" आणि आत जाऊन तिनं चुलीवर आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दाढी पुढं ढकलून मी ते उरलेलं झाकण काखेत मारलं आणि तिच्या मागोमाग समोरच्या अंगणात गेलो. काकूनं सरकून जागा केली. माझ्या दुसऱ्या हाताकडं तिचं लक्ष गेलं. येता येता सवयीनं मी आंब्यावरचा थर्मामीटर काढून आणला होता.

"झाकण टाका हितं," ती म्हणाली. "ती कांडी ठिवा तिकडं. ती जळत न्हाई."