पायवाट, वाहनांस मनाई

सदर इसम हा प्रथम श्रेणीचा मार्ग असून त्याची रुंदी मध्यभागी वाढत गेलेली आहे. पृष्ठभाग माथ्यावर गुळगुळीत, अन्यत्र खडबडीत. वाहतूक दुहेरी असल्याचे दर्शवले जाते. प्रत्यक्षात बोलणे एकाच दिशेने चालते. सकाळचा चहा होईपर्यंत मार्ग बंद. वळण्यास जागा नाही. पर्यायी मार्ग नसल्याची घरच्यांची तक्रार आहे.

अशी नोंद कुठल्याही नकाशात सापडणार नाही. पण उस्तादांना स्वतःची नोंद करायला सांगितली असती तर ती याच भाषेत झाली असती, कारण गेलं वर्षभर त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट वर्गीकरण करण्याजोगी दिसत होती. सुनेच्या स्वयंपाकघरालाही त्यांनी ‘अरुंद, एकेरी, गर्दीच्या वेळी टाळावे’ असा शेरा दिला होता. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

उस्तादांनी हयातभर शहराची बस चालवली. हे नाव आगारातलं. आगार सुटलं तरी नाव सुटलं नाही. निवृत्त झालेली माणसं एक तर बागकाम करतात, नाहीतर घरच्यांना शिस्त लावतात. उस्तादांकडे बाग नव्हती. तेव्हा सुनेनं स्वसंरक्षणार्थ त्यांच्या फोनवर शहराचा ऑनलाइन नकाशा उघडून दिला.

“बाबा, हा नकाशा लोकच दुरुस्त करतात. कुणीही करू शकतं. तुम्हीसुद्धा.”

यातलं ‘तुम्हीसुद्धा’ तेवढं उस्तादांनी ऐकलं, आणि ते नेमणुकीचा हुकूम म्हणून ऐकलं.

नकाशात चुका होत्या हे खरं. सांडपाण्याच्या नाल्याला दुपदरी रस्ता ठरवलं होतं. इस्पितळाच्या मागचा स्ट्रेचरचा उतार महामार्ग झाला होता. बाजारातला हमरस्ता ‘खासगी गल्ली’ म्हणून निमूट पडून होता, आणि टाकीजवळच्या एकाच रस्त्याला दोन नावं होती, ती भाऊबंदकीतल्या भावांसारखी एकमेकांकडे पाठ करून उभी होती. उस्तादांनी ‘थेट आगार’ असं टोपणनाव घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसून शहर ताळ्यावर आणायला घेतलं. नाला पुन्हा नाला झाला. बाजारपेठेला तिची इज्जत परत मिळाली. घरातही शांतता नांदू लागली. सून म्हणायची, हा नकाशा ज्यानं काढला त्याच्या सात पिढ्या सुखी राहोत.

उस्तादांचं माप एकच होतं, बस. जिथे दोन बस एकमेकींशेजारून जातात आणि तरीही दोन्ही ड्रायव्हर हात वर करून रामराम करतात, तो मुख्य रस्ता. जिथे जातात पण आयमाय उद्धरतात, तो दुय्यम. जिथे एकच बस शिरते आणि लोक खिडकीतले कपडे आत ओढून घेतात, ती गल्ली. आणि जिथे बस वळतच नाही, ती पायवाट. बसपेक्षा लहान वाहनं असतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. मोटारी त्यांनी रोज पाहिल्या होत्या. पण त्यांना ते वाहन मानत नसत, अडथळा मानत.

हे सगळं सुखानं चाललं होतं. मग अक्काचा फोन आला.

“बारक्या, ये.”

अक्का म्हणजे उस्तादांची थोरली बहीण. उस्तादांच्या शर्टात दोन माणसं मावतील, तरी तिच्या लेखी ते अजून बारक्याच. बारक्या गेला.

अक्का स्वयंपाकघरात, पाय समोरच्या स्टुलावर लांब करून बसली होती. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. डॉक्टरांना चालणंच अभिप्रेत होतं. अक्का पोहण्याच्या तलावावर गेली ती तिथल्या बायकांच्या पाण्यातल्या कवायतीत शिरली आणि बघता बघता पुढच्या रांगेत, मधोमध पोचली. महिनाअखेर गावासमोर जाहीर कार्यक्रम होता. आयुष्यभर अक्का लग्नाच्या फोटोतही मागच्या रांगेत उभी राहिली होती. ही पहिलीच पुढची रांग.

“तलावावर न्यायला येते ती गाडी दारात येईना झालीय,” अक्का म्हणाली. “कोपऱ्यावर इस्त्रीवाल्यापाशी उभी राहते आणि हॉर्न वाजवते.”

“का?”

“ड्रायव्हर म्हणतो, नकाशात ही पायवाट दाखवतंय. आत घातली तर कंपनीला मशिनवर दिसतं आणि त्याला बोलणी बसतात. आता तो उखडलेला चढ चढून मी कोपऱ्यापर्यंत जाऊ कशी? उडत? दोन सराव बुडाले. गुरुवारचा बुडाला की माझी जागा दंतवैद्याच्या सासूला.”

“ती कशी काय?”

“अरे, तिला डावा पाय कुठला ते कळत नाही. पाण्यात तर आपल्याला पाय आहेत हेच कळत नाही.” अक्कानं पदर खोचला. “कुण्या गाढवानं हा उद्योग केलाय ते शोध. तुला त्यातलं कळतं म्हणतात.”

उस्तादांची छाती फुगली. “अक्का, अर्धवट लोक असतात गं. हातात फोन आला की स्वतःला शहाणे समजतात. जागेवर जाऊन बघायला नको, काही नको. थांब, आत्ता काढतो त्याची कुंडली.”

नकाशात प्रत्येक बदलाखाली तो करणाऱ्याचं नाव असतं. उस्तादांनी अक्काच्या गल्लीवर बोट ठेवलं. खाली लिहिलं होतं: ‘पायवाट, वाहनांस मनाई. मी स्वतः कैक वर्षे येथे ये-जा केली आहे. बदल करणारा: थेट आगार.’

यात खोटं अक्षर नव्हतं. कैक वर्षं ते इथे येत होतेच. बस आगारात लावायची, आणि बहिणीकडे चालत यायचं. चालत येतो ती पायवाट.

“काय लिहिलंय?” अक्कानं विचारलं.

“रेंज नाही,” उस्ताद म्हणाले.

घरी येऊन चपला काढण्याआधी त्यांनी गल्लीला ‘निवासी रस्ता’ केलं. दुसऱ्या दिवशी बदल नामंजूर झाला. नकाशावर असले बदल तपासणारं ‘घुबड’ नावाचं कुणी होतं. घुबडानं कळवलं होतं: ‘या भागातील ज्येष्ठ जाणकार थेट आगार यांनी ही पायवाट असल्याचे स्वानुभवाने नमूद केले आहे. त्यांच्या मताचा आदर राखावा.’

उस्तादांनी संतापून लिहिलं, ‘तो जाणकार मीच आहे.’

उत्तर आलं: ‘तसे असल्यास आपण आपल्या अनुभवाचा असा अनादर करू नये. अन्यथा, वाहन गल्लीत असल्याचे छायाचित्र जोडावे.’

उस्तादांना आयुष्यात अनेक लोक आडवे आले होते, पण ते स्वतःच स्वतःला कधी आडवे आले नव्हते. शेवटी त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. सून आधी गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. ‘अनादर’पाशी आल्यावर ती ओट्याला धरून हसली.

“बाबा, आत्याबाईंना सांगितलंत?”

“मला जगायचंय.”

“मग गाडी आणा कुणाची तरी. फोटो मी काढते.”

गाडी फिटरची होती. फिटर म्हणजे उस्तादांचा आगारातला जुना दोस्त. जगातली अर्धी यंत्रं त्यानं दुरुस्त केली होती आणि उरलेली अर्धी उघडून ठेवली होती. त्याची जुनी मारुती व्हॅन बाजूचं दार ओढून उघडायची. गुरुवारी सकाळी उस्ताद तिच्या चाकामागे बसले. बसनंतर इतक्या लहान गाडीत बसताना त्यांना पाळण्यात बसल्यासारखं वाटलं.

“उस्ताद, ही गल्ली म्हणजे चांगली ऐसपैस की रे,” शेजारी बसलेला फिटर म्हणाला. “वरात घोड्यासकट जाईल. पायवाट म्हणणारा कोण महाभाग?”

“पुढे बघ,” उस्ताद म्हणाले.

गाडी अक्काच्या दारात उभी राहिली. अक्का पोहण्याची निळी टोपी घरूनच घालून आली होती. वेळ वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती मागच्या अख्ख्या बाकावर पाय लांब करून, काचेतून मागे बघत बसली. गल्ली पुढे बंद होती, म्हणजे आता कोपऱ्यापर्यंत उलटं जायचं. आणि उस्तादांना एकाएकी घाम फुटला. उभ्या नोकरीत त्यांनी कंडक्टरच्या घंटीशिवाय बस कधी मागे घेतली नव्हती.

“अक्का, मागे दिसतंय ना तुला? टपावर ठोक. दोन ठोके म्हणजे चला, एक म्हणजे थांबा.”

“मला शिकवतोस? तुझ्या बसनं जन्मभर फिरलेय मी.”

टक टक. गाडी मागे निघाली. खिडक्यांतून माणसं डोकावली, इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊनच बाहेर आला. सून गल्लीच्या मधोमध फोन धरून ओरडत होती, “बाबा, हसा! आत्याबाई, इकडे!” अक्कानं राणीसारखा हात हलवला. टक टक. टक टक.

मग एकच ठोका पडला. उस्तादांनी ब्रेक दाबला.

“काय आहे मागे?”

“काही नाही. तो गाढव सापडला का?”

फिटर खिडकीबाहेर बघू लागला.

“सापडला,” उस्ताद म्हणाले.

“कुठे आहे?”

“गाडी चालवतोय.”

उस्ताद आरशात बघायला धजले नाहीत. मग मागचा बाक हलायला लागला. अक्का हसत होती. आधी तोंड दाबून, मग टोपी सरकेपर्यंत. “बारक्या, लहानपणी मला शाळेला जाताना चुकीच्या बसमध्ये बसवलं होतंस तेव्हाही तू ‘रेंज नाही’ म्हणाला असतास, तेव्हा फोन नव्हते म्हणून वाचले!” ती डोळे पुसत म्हणाली आणि टपावर दोनदा इतक्या जोरात ठोकलं की फिटर कळवळला.

“अगं अक्का, पत्रा आहे तो!”

“असू दे. चला!”

तलावावर सराव सुरू व्हायच्या बेतात होता. दंतवैद्याची सासू पुढच्या रांगेत मधोमध उभी राहून उजवा पाय उचलायचा समजून दोन्ही हात वर करत होती. अक्का कठड्याला धरून पाण्यात उतरली, तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, “सरका.” ती सरकली, खरं तर तिचा जीव भांड्यात पडला. उस्ताद आणि फिटर काठावर पाय सोडून बसले आणि चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवत राहिले.

संध्याकाळी घुबडाचा निरोप आला: ‘ज्येष्ठ जाणकारांचे मत ज्येष्ठ जाणकारांनीच पुराव्यासह खोडून काढल्यामुळे बदल मंजूर. छायाचित्रातील टोपी घातलेल्या बाईंना नमस्कार.’ पुढच्या सरावाला तलावाची गाडी अक्काच्या दारात आली. महिनाअखेरच्या कार्यक्रमात अक्कानं पुढच्या रांगेतून असा काही पाय झाडला की पहिल्या ओळीतले पाहुणे भिजले, आणि त्यात नेमके दंतवैद्य होते. उस्तादांनी शिट्टी वाजवली. सुनेनं त्यांना खाली बसवलं.

त्यानंतर उस्तादांनी ‘पायवाट’ म्हणून नोंदवलेली प्रत्येक गल्ली स्वतः जाऊन पाहायचं ठरवलं. फिटरची व्हॅन आणि तिच्या मागच्या बाकावर अक्का, असं ते पथक फिरू लागलं. निकाल अक्काच द्यायची, टपावर ठोकून. शहरातल्या कितीतरी दारांशी आता गाड्या येतात, आणि फिटरच्या टपाला एक कायमची खळी पडली आहे.

अक्काच्या गल्लीची सध्याची नोंद अशी आहे: ‘निवासी रस्ता. सर्व हलक्या वाहनांस योग्य. दारापर्यंत सेवा उपलब्ध.’

पाण्यातल्या कवायतीनं अक्काचा गुडघा बरा झाला. ती आता कोपऱ्यापर्यंत चालत जाते.