गेटावरची पेटी

मेजरसरांनी कधी कुणा मुलावर हात उगारला नाही. शाळेत छडी नव्हतीच. लोखंडी पेट्या होत्या.

हर्सूलच्या रस्त्याला पत्र्याच्या दोन खोल्यांत त्यांनी मुलांची निवासी शाळा काढली. सैनिकी शाळेच्या प्रवेशपरीक्षेची तयारी, एवढंच काम. मेजर हे मुलांनी ठेवलेलं नाव; सर सैन्यात कधी नव्हते. भरतीत छाती बोटभर कमी भरली होती. हे ते पालकांना पहिल्याच दिवशी सांगत. "मला कुणी आधी सांगितलं नाही. मी तुमच्या पोरांना आधी सांगतो."

सांगण्याची रीत अशी. दर रविवारी चाचणी. जो शेवटचा येईल त्याने आपली पेटी गेटापाशी नेऊन ठेवायची आणि आठवडाभर साबण, टॉवेल, कपडे तिथूनच आणायचे. वर्षात तिसऱ्यांदा पेटी गेटावर गेली की वडिलांना फोन, आणि पेटी घरी.

तरी मुलं त्यांच्यावर जीव टाकत. कुणाला ताप आला की सर उशाशी बसून पेज भरवत. पेटी मात्र गेटावरच. "ताप आपसूक उतरतो," ते म्हणत. "नंबर आपसूक चढत नाही."

दिवाळीनंतर दोघांच्या पेट्या दोनदा गेटावर जाऊन आल्या होत्या: माझी आणि लासूर स्टेशनच्या कैलासची. आमच्या खाटा शेजारी होत्या. पेपर मुलंच एकमेकांचे तपासत आणि ते थेट सरांच्या कपाटात जात. अशाच एका रविवारी माझा पेपर वाईट गेला होता आणि कैलासचा माझ्याकडे तपासायला आला. त्याचं सतरावं गणित बरोबर होतं. मी त्यावर फुली मारली. तो एका गुणाने माझ्याखाली गेला.

सोमवारी सरांनी मला बोलावून तो पेपर पुढे ठेवला.

"सतरावं चूक आहे?"

"नाय सर."

त्यांनी पेपर घडी करून कपाटात ठेवला. कैलासच्या घरी फोन आदल्या दिवशीच गेला होता. "आता पेटी उचलायला तूच जा," ते म्हणाले.

कैलासचे वडील दुपारच्या गाडीने आले. पेटीची एक कडी त्यांनी धरली, दुसरी मी. मागून कैलास गादी घेऊन. पेटी रिक्षात ठेवल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"लई गुणी लेकरू हाय, सर. आमच्याला याच्यावानी जमलं नाय."

"व्हय," सर म्हणाले.

त्या वर्षी माझी निवड झाली. माझा फोटो सरांनी कचेरीत लावला आणि शाळा बंद होईपर्यंत काढला नाही. आता त्या जागेवर लग्नाचं लॉन आहे.

मागच्या वर्षी त्यांना भेटायला गेलो. ते कुणालाच ओळखत नाहीत, असं त्यांच्या पत्नीने दारातच सांगितलं. सरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सतरावं," ते म्हणाले.

हे काय, असं बाईंनी विचारलं. जुना हजेरी नंबर असेल, असं मी सांगितलं.

सरांनी हात उचलला आणि बोटाने मला गेट दाखवलं.