रस्त्यापलीकडून ऐकलेला बेस

आमच्या ऑर्केस्ट्रात मुनव्वर बेस गिटार वाजवतो. दिवसभर हुपरीत चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडायचे आणि लग्नसराईत संध्याकाळी गिटार खांद्याला लावायची. माणूस इतका गरीब स्वभावाचा, की स्टेजवरची खुर्ची कुणी उचलून नेली तर उभ्यानं वाजवील. बेस म्हणजे गाण्याच्या बुडाशी चालणारा जाड सूर. नसला की गाणं पोकळ लागतं, असला की कुणाच्या ध्यानातही येत नाही.

त्याच्या बायकोच्याही येत नव्हता. हाफिजावहिनी पुढच्या रांगेत बसायच्या, पण कानावर पडायची ती आमच्या यशराजची कर्कश गिटार. शेजारच्या बायका म्हणायच्या, "तुमचं मालक काय झ्याक वाजवत्यात!" वहिनी हसून मान डोलवायच्या, पण ते कौतुक खरं यशराजच्या वाजवण्याचं, हे त्यांना कळायचं. मला भारी राग यायचा. यशराजला काय कौतुकाचा तोटा होता?

शेवटी गिटारचा आवाज मोठा करणारा जुना ॲम्प काढून नवा घ्यायचं ठरलं. वहिनींनी बजावलं, "घ्या की, पण तुमचं वाजवणं मला ऐकू आलं पायजे." मी ढोलकीवाला, म्हणून सल्ल्याला सोबत. तिघं लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गेलो.

दुकानदार उदयसिंह हौशी माणूस. त्यानं कपाटाएवढा ॲम्प पुढं ओढला. मुनव्वरनं तार छेडली आणि काउंटरची काच थरथरली. माझ्या छातीत धडधडलं. मुनव्वरचे डोळे मिटले. "ह्योच!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "पैंजण कोण हातात हलवून घेतंय का? आमच्यात पोरीच्या पायात घालत्यात, गल्लीत चालवत्यात. उंबऱ्यात बसलेल्याला ऐकू आलं, तरच घ्यायचं." आणि पदर सावरत त्या रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या. बोटं दिसू नयेत म्हणून दुकानाकडं पाठ करून.

उदयसिंहला गंमत वाटली. त्यानं दार सताड उघडलं, स्पीकरवर एक गाणं लावलं आणि मुनव्वर त्याबरोबर वाजवू लागला. वहिनींना फरक कळतो का बघायला अर्ध्यात मी त्याचा हात धरला. बेस थांबला, गाणं चालू राहिलं. वहिनी निवांत चहा पीत होत्या. मोठ्या धुडाचा आवाज रस्त्यावरच्या गाड्यांत कुठं मिसळला, त्यांना पत्ताच नव्हता. मुनव्वरचं तोंड उतरलं. दुसऱ्या ॲम्पलाही तेच. तो गिटार पिशवीत घालायला लागला तेव्हा मीच खेकसलो, "अजून एक हाय की, गप वाजीव!"

तिसरा ॲम्प कोपऱ्यातला, बुटका. दुकानात त्याचा आवाज साधाच वाटला, छातीबितीत काही झालं नाही. पण सूर एकेक सुटा, मोकळा होता. मुनव्वर खाली मान घालून, बहुधा आशा सोडूनच वाजवत होता. अर्ध्यात मी पुन्हा त्याचा हात धरला.

पलीकडं वहिनींचा कप ओठाजवळ थांबला. त्या गर्रकन वळल्या आणि भर रस्त्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडल्या,

"अवो, का थांबलासा?"