भीमाचे गाल

मुलुंडचे श्यामकांत कर्णिक जन्माचे काटकुळे, त्यामुळे गणेशोत्सवाच्या नाटकात सुदामा दरवर्षी त्यांच्याच वाट्याला यायचा. दम्यावर डॉक्टरांनी वर्षभर कॉर्टिझोनच्या गोळ्या दिल्या आणि चेहरा भोपळ्यासारखा फुगला. आजाराची विचारपूस करायची सोडून अख्खी आळी म्हणू लागली, "काय झकास तब्येत कमावलीय." मंडळाने तर त्यांना थेट भीमच केला.

नाटक तोंडावर आलं आणि डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करायला घेतल्या. गाल ओसरू लागले, गोळ्यांची सवय लागलेले सांधे ठणकू लागले, शर्टाची बटणं लावतानासुद्धा श्यामकांतना रडू यायचं. दिग्दर्शक बळवंतराव हादरलेच. तडक दवाखाना गाठून म्हणाले, "डॉक्टर, विसर्जनापर्यंत तेवढा भीम राहू द्या." डॉक्टरांनी त्यांनाच झोपेची गोळी दिली.

शेवटी गालांत कापसाचे बोळे कोंबून भीम रंगमंचावर उभा राहिला. गदा पुठ्ठ्याची होती, पण खांदाच वर जाईना. दुर्योधनाने बराच वेळ वाट पाहिली, मग स्वतःच ती गदा घेऊन आपल्या मांडीवर हाणली आणि कोसळला. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

पडद्यामागे बायकोने, मृणालिनीबाईंनी, त्यांच्या तोंडातले बोळे काढले, रंग पुसला. खालून जुनी खप्पड गालफडं निघाली. त्या बघतच राहिल्या.

"बघतेस काय? वाट लागली ना भीमाची," श्यामकांत पुटपुटले.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "वर्षभर त्यालाच जेवायला वाढत होते. तुम्ही आज आलात."