दुसऱ्यांदा न मोजलेली बॅटरी

दुकानात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. लॅपटॉपच्या बॅटरीची नाडी बघणारा माणूस, दुसरं काय म्हणणार? अठरा वर्षं एकाच स्टुलावर बसून स्टूल आणि त्याचं बूड एकमेकांच्या मापाचं झालं होतं.

नवी बॅटरी पहिल्या काही महिन्यांत थोडी उतरतेच; गच्च भरली तरी पहिल्याइतकं साठवत नाही. लोक धापा टाकत येत, "शंभरची पंच्याण्णव झाली हो!" वैद्यबुवा चष्मा कपाळावर सारून सांगायचा, "नवं कापड पहिल्या धुण्याला आटतं, मग थांबतं. आटतच राहिलं तर कापडात खोट." ते ओळखायची त्याची रीत होती. बॅटरी गच्च भरायची, लॅपटॉप आपोआप बंद पडेपर्यंत रिकामी करायची, पुन्हा भरायची आणि मग आकडा वहीत. महिन्यानं पुन्हा तेच. दोन आकडे शेजारी शेजारी बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात करावी, इथं नाही.

ती बाई आली त्या दिवशी मात्र त्यानं ही रीत खुंटीला टांगली.

कामगारांच्या अपघातांची सुनावणी चालते त्या सरकारी ऑफिसात, सुनावणीच्या खोलीत साक्षीदारांचे जबाब टाइप करायचं तिचं काम. खोलीत प्लग एकच, तोही सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या पंख्यानं अडवलेला. लॅपटॉप तिचा स्वतःचा, चार महिन्यांचा. पडद्यावर आकडा एक्क्याण्णव. मागं रांग लागलेली, आणि दुकानाचा मालक, म्हणजे वैद्यबुवाचा मेहुणा, ओरडत होता, "दाजी, तपासताय का अंडी उबवताय?"

"एकदम नॉर्मल," वैद्यबुवा म्हणाला. "बिनघोर जा."

ती बिनघोर गेली. नॉर्मल ठरलेल्याचा कागद कुणी करत नसे, म्हणून ती आली होती याची नोंदही कुठं राहिली नाही.

पाच महिन्यांनी ती परत आली. आकडा अठ्ठावन्न. मधल्या काळात भर सुनावणीत पडदा दोनदा काळा झाला होता. दुसऱ्या वेळी एक म्हातारा आपला मुलगा यंत्रात कसा सापडला ते सांगत होता. त्याला ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "चार्जिंगला लावायचं एवढंसं काम, तेही होत नाही?" दुसऱ्या दिवशी तिला टपालाच्या खिडकीवर बसवलं.

"मला नवी बॅटरी नको," ती म्हणाली. "ही आधीपासूनच खराब होती, एवढं लिहून द्या. मी रोज रात्रभर लावून ठेवत होते हो."

वैद्यबुवानं या वेळी बॅटरी रीतसर भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. ती बाकावर बसून राहिली. संध्याकाळी आकडा आला, छप्पन्न. मागचा एक्क्याण्णव वहीत नव्हता, पण त्याच्या डोक्यात होता. आटतच चाललेलं कापड. बॅटरी आधीपासूनच खराब होती, आपण नीट न मोजताच नॉर्मल म्हटलं, असा त्यानं कागद लिहिला आणि शिक्क्यासाठी मेहुण्यापुढं ठेवला.

"वेड लागलंय का, दाजी? आम्ही चुकलो म्हणून शिक्का मारू? उद्या सगळं गाव दारात उभं राहील."

"चूक माझी आहे. दुकानाची नाही."

"मग तुमच्या कपाळावर मारा शिक्का."

शिक्का गल्ल्यात गेला, गल्ल्याला कुलूप लागलं. वैद्यबुवानं खाली आपली सही केली, सहीखाली घरचा पत्ता लिहिला आणि कागद तिच्या हातात दिला. मेहुणा आठवडाभर बोलला नाही. आपल्या बहिणीला, म्हणजे वैद्यबुवाच्या बायकोला, मात्र बोलला, त्यामुळं घरीही गप्पच.

पंधरा दिवस तिचा काही पत्ता नाही. वैद्यबुवाला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या ऑफिसात गेला. टपालाच्या खिडकीआड ती पाकिटांवर तारखा टाकत होती.

"दिला का साहेबांना?"

"दिला. शिक्का नाही म्हणून परत दिला. म्हणाले, असा कागद कुणीही लिहील."

"मग?"

"मग काय? घरी नेला. सासूबाईसुद्धा म्हणायच्या, तूच लावायची विसरत असशील. त्यांना वाचून दाखवला."

"काय म्हणाल्या?"

तिनं पुढचं पाकीट ओढलं. "म्हणाल्या, शिक्का कुठाय?"

वैद्यबुवाला काहीतरी म्हणायचं होतं. पण मागच्या माणसानं त्याच्या खांद्याला बोट लावलं, "काका, टपाल द्यायचं नसेल तर जरा सरका."

तो सरकला.