ओल्या चुन्यावरचं खजुराचं झाड

मस्कतजवळच्या बरका गावातल्या एका घरात, पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, मी भिंतभर खजुराचं झाड काढलं होतं. जुन्या इटालियन चित्रकारांसारखं, ओल्या चुन्यावर. हे वेड माझंच; मस्कतमध्ये मुलांना चित्रकला शिकवता शिकवता डोक्यात शिरलेलं. घरमालक, म्हणजे आमचा अर्बाब, हौशी निघाला आणि त्याने भिंत दिली.

गिलाव्याला रत्नागिरीचे एक गवंडीचाचा होते. ते सकाळी जेवढा चुना-वाळू थापत, तेवढाच तुकडा मी संध्याकाळच्या आत रंगवायचा. रंग नुसत्या पाण्यात कालवलेले, डिंक वगैरे काही नाही. चुना सुकताना रंगाला पोटात घेतो, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होते. मनात मात्र धाकधूक होती, कारण याआधी मी हे फक्त एका फरशीच्या तुकड्यावर केलं होतं.

झाड झाल्यावर अर्बाबला त्यावर पक्षीही हवासा वाटला. भिंत तोवर वाळली होती, आता ती रंग पोटात घेणार नव्हती. त्याचं मन मोडवेना, म्हणून डिंकात रंग कालवून मी एक बुलबुल झावळीवर बसवला.

ईदच्या आदल्या दिवशी सहज बघायला गेले, तर चाचा डबड्याने भिंतीवर सपासप पाणी मारत होते.

"चाचा, हे काय करताय?"

"गिलावा नवा हाय ना ताई. पाणी नको मारायला?"

नव्या गिलाव्याला पाणी मारायचं, हे त्यांच्या हातात आयुष्यभर मुरलेलं. राग आला, तरी त्यांना बोल कसा लावणार? भिंतीवरून तपकिरी ओघळ उतरत होता. उद्या पाहुणे येणार आणि नवं झाड काढायला वेळ नाही. ओघळ बघून चाचांचाही चेहरा उतरला.

मग मी पुढे होऊन ओल्या झावळीवर बोट घासलं. बोट स्वच्छ. खोडावर जोर लावून घासलं, तरी स्वच्छ. वाहून गेला होता तो फक्त बुलबुल. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं, आणि राग कुठल्या कुठे पळाला.

"चाचा, अजून एक डबडं मारा," मी म्हटलं.

अर्बाब आला, रिकाम्या झावळीकडे बघत राहिला. "पेड मौजूद, चिडिया खलास," म्हणाला. बुलबुल परत काढू का विचारलं, तर नको म्हणाला.

ईदला मी गेले तेव्हा तो चाचांचंच डबडं घेऊन भिंतीपाशी उभा होता. येईल त्या पाहुण्यासमोर झाडावर पाणी मारून दाखवत होता.